पाणी तयार होईपर्यंत

"पाण्याला शिस्त लागते," रिखबचंद म्हणाले. "माणसाचं एक वेळ चालून जातं, पाण्याचं चालत नाही."

हे वाक्य त्यांनी देवपुरातल्या आपल्या घराच्या दिवाणखान्यात, स्टुलावर उभं राहून, उजवा हात खांद्यापर्यंत काचेच्या टाकीत घालून उच्चारलं. ऐकायला मुलगा अर्पित आणि पत्नी प्रेमकुंवरबाई एवढेच होते, पण आवाज सभेचा होता. सभेवर काही परिणाम व्हायच्या आत टाकीच्या कडेला अडकवलेली नळी निसटली, फरशीवर पडून दोनदा वळवळली, आणि तिच्यातलं पाणी सरळ दिवाणाखाली शिरलं. दिवाणाखाली लग्नातल्या शालूंची पेटी होती.

"शिस्त आहे हं," अर्पित म्हणाला. "इकडे तिकडे न बघता पेटीकडेच गेलं." आणि मोटार बंद करायला धावला.

प्रेमकुंवरबाईंनी पेटी ओढून काढली, तीन शालू गच्चीत वाळत घातले आणि खाली येऊन पाहिलं, तर नवरा अजून स्टुलावरच होता.

"यात मासा कधी येणार?"

"पाणी तयार झालं की."

"हे तयार नाही?"

रिखबचंद हसले. 'याचा रंग जाणार नाही ना हो?' असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून ते पन्नास वर्षं जसं हसत आले होते, तसंच.

"हे नुसतं पाणी आहे. हा स्पंज बघ, फिल्टरमधला. आज यात काही नाही. महिन्याभरात इथे लाखो जीव राहायला येतील. डोळ्यांना दिसायचे नाहीत. मासा जी घाण करतो तिचं पाण्यात विष होतं, आणि ते विष हे जीव खातात. ते आले की पाणी तयार. आधी जीव, मग मासा."

"लाखो?"

"कोटी म्हण."

प्रेमकुंवरबाईंनी स्पंजाकडे जरा वेळ पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. आपण सांगितलेली एखादी गोष्ट हिला पहिल्या झटक्यात पटली, असं रिखबचंदांना प्रथमच वाटलं, आणि त्या आनंदात ते स्टुलावरून उतरताना पायरी चुकले.

मासा अजून जळगावला होता.

होळीच्या आधी रिखबचंद डोळे तपासायला तिकडे गेले होते. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले आणि 'दोन तास उजेडात जाऊ नका' असं सांगून त्यांना बाहेर बसवलं. बाहेर जळगावचं ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. शेजारच्या गाळ्यात तेवढा अंधार होता. तो शोभेच्या माशांचा गाळा होता, आणि दुकानदार स्वप्नीलने दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून निम्म्या टाक्यांचे दिवे बंद ठेवले होते. रिखबचंद एका काळोख्या टाकीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. सगळं जग पुसट झालं होतं. टाकीच्या तळाशी वाळूतून एक बारीक, लांबट नाक वर आलं होतं. नाकाच्या मागे मोहरीएवढे दोन डोळे होते, आणि ते त्यांच्याकडे बघत होते.

तास गेला. नाक हललं नाही. रिखबचंदही हलले नाहीत. पन्नास वर्षं कापडाच्या दुकानात बसलेल्या माणसाकडे, भाव न करता, कोणी इतका वेळ पाहिलं नव्हतं.

"काटेरी ईल आहे, काका," स्वप्नील म्हणाला. "सापासारखा लांब, पण मासाच. पाठीवर काट्यांची रांग असते. दिवसभर वाळूत पुरून घेतो. सवय झाली की माणूस ओळखतो, हातातून खातो."

नाकामागे, हातभर अंतरावर, वाळूतून तुटकी शेपूट वर आली होती. "शेपूट अशी का?"

"मोठ्या माशांनी तोडली. एकाच टाकीत होते सगळे. मी याला वेगळा काढला, पण ही टाकी मला आखाजीनंतर, अक्षय्यतृतीया झाली की लागणार. नवा माल येतोय."

"मग हा?"

"मग परत मोठ्यांच्यात."

रिखबचंदांनी दिवाळीत दुकान अर्पितच्या हवाली केलं होतं. तेव्हापासून घरातल्या कोणी त्यांना चहा हवा की दूध, यापलीकडे कसला निर्णय विचारला नव्हता. पुसट डोळ्यांनी त्यांनी त्या नाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आखाजीच्या आत नेतो. माझा शब्द."

"काका, पण वाळू मऊ लागते. झाकण पक्कं लागतं. आणि पाणी तयार करूनच न्या, हे कच्च्या पाण्यात मरतात. खायला हे फक्त रात्रीच खातात, दिवे गेले की."

"काय खातो?"

"गांडुळं. जिवंत."

रिखबचंदांनी आजूबाजूला पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं. ज्या जैन घरात बटाट्याला कधी उंबरा ओलांडता आला नव्हता, आणि दिवेलागणीनंतर पाण्याच्या घोटाशिवाय कोणी काही तोंडात घातलं नव्हतं, त्या घरी परत आल्यावर ते म्हणाले, "गोळ्या खातो. बारीक बारीक. सात्त्विक प्रकार आहे."

तयारी सुरू झाली. पांझरा नदीची वाळू आली. रिखबचंदांनी ती अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळली, जशी ते कापडाची कड चोळत, आणि म्हणाले, "खादी." परत पाठवली. दुसरी आली. "मांजरपाट." तिसरी त्यांनी स्वयंपाकघरातल्या मैद्याच्या चाळणीने चाळली, चौदा पाण्यांनी धुतली, आणि चौदाव्या पाण्यानंतर चोळून बघत डोळे मिटले. "मलमल." प्रेमकुंवरबाईंनी नवी चाळणी आणली आणि ती कपाटात कुलपात ठेवली.

मग झाकण. स्वप्नीलने फोनवर बजावलं होतं की बोट जाईल एवढी फट असली तरी हा रात्रीतून बाहेर पडतो आणि सकाळी सोफ्याखाली वाळलेला सापडतो. रिखबचंदांनी वायरीची फट बुजवली, नळीची बुजवली, कोपऱ्यातली बुजवली, वरून दुहेरी मलमल ताणून बांधली आणि तिच्यावर दुकानातला जुना लोखंडी गज ठेवला. टाकीत नुसतं पाणी होतं. त्याला आता पळून जाता येणार नव्हतं.

नळाच्या पाण्यात औषध असतं म्हणून टाकीत शेजारच्या पितांबरआबांच्या विहिरीचं पाणी भरलं होतं. प्रेमकुंवरबाई पिण्याचं पाणीही वर्षानुवर्षं तिथूनच आणत. रोज संध्याकाळी रिखबचंद टाकीत माशाच्या खाण्याची चिमूट टाकत, म्हणजे ती कुजून विष तयार होईल आणि ते खायला जीव येतील. येणाऱ्या पाहुण्यासाठी घरात विष करून ठेवायचं, हा प्रकार त्यांना व्यापारात कधी करावा लागला नव्हता, पण टाकीबरोबर आलेल्या पुस्तिकेत तसं लिहिलं होतं. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात आठ थेंब टाकायचे आणि आलेला रंग छापील शेड कार्डाशी ताडून बघायचा. हिरवा म्हणजे विष. पिवळा म्हणजे तयार.

शेड कार्डाच्या बाबतीत रिखबचंदांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांना पांढऱ्याचे सोळा प्रकार ठाऊक होते. पहिल्या आठवड्यात नळी पोपटी झाली, ते खूश झाले. दुसऱ्या आठवड्यात मेंदी. तिसऱ्यात शेवाळी. "आता उतरेल," ते म्हणाले. चौथ्या आठवड्यात गर्द हिरवा, बाटली रंग आला, जो कार्डावर सर्वांत शेवटी होता आणि ज्याच्या खाली लाल अक्षरात काहीतरी लिहिलं होतं.

त्यांनी तपासणीचा दुसरा संच मागवला. तोही बाटलीच निघाला. त्यांनी देवघरातली उदबत्ती गच्चीत हलवली, पंख्याचं तोंड फिरवलं, आणि अर्पितला टाकीजवळ फोनवर मोठ्याने बोलायची बंदी केली.

"बाबूजी, तापीत कोण नळी घेऊन बसतं का?" अर्पित म्हणाला. "आणा त्याला आणि सोडा. राहील तो."

"तापी वाहते. ही वाहते का?"

"पहिल्या दिवशी वाहिली होती की. दिवाणाखाली."

रिखबचंदांनी त्या दिवशी संध्याकाळी जेवताना भाजीला मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवलं. मीठ बरोबर होतं. प्रेमकुंवरबाईंनी ताट परत पुढे सरकवलं आणि खिडकीतून सूर्य किती उरलाय ते बघितलं.

रात्री ते अंथरुणावर पडून टाकीच्या मोटारीची घरघर ऐकत. सकाळी उठून चष्मा शोधायच्या आधी नळी शोधत. पस्तिसाव्या दिवशी स्वप्नीलचा फोन आला.

"काका, चौदा दिवस राहिले हं. मी अजून चार दिवस ओढले असते, पण माल कोलकात्याहून निघालासुद्धा."

"पाणी तयार होत नाहीये," रिखबचंद म्हणाले. एवढं बोलताना त्यांना दुकानाचे दरवाजे बंद केल्यासारखं वाटलं.

"असं कसं? स्पंज धुताय का तुम्ही? नळाच्या पाण्याने?"

"हात लावत नाही मी त्याला."

"मग कमाल आहे. या उन्हात वीस दिवसांत व्हायला पाहिजे होतं. तुमची विहीर तपासा."

म्हणून रिखबचंद पितांबरआबांकडे गेले. पितांबरआबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि ऑफिसातली मराठी त्यांनी ऑफिसातच ठेवली होती; घरी अहिराणीच बोलत. ते ओट्यावर कैऱ्या चिरत बसले होते. आखाजीला मुलगी माहेरी यायची होती.

"आबा, विहिरीत काही पडलंय का? मेलेलं वगैरे?"

"मनी हिरमा?" आपल्या विहिरीचं नाव निघताच पितांबरआबांनी विळा खाली ठेवला. "शेट, पन्नास वरीस व्हयनात, तुमी तेच पानी पी राह्यनात. आतेच काय व्हयनं?"

रिखबचंदांनी मोबाईलवर माशाचा फोटो दाखवला आणि सगळी कहाणी सांगितली. पितांबरआबांनी फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला.

"हाई त वाम शे!"

"ईल आहे. काटेरी."

"वाम शे शेट, वाम! मामाना गावले तापीमा सापडस. रस्सा भलता भारी व्हस तिना."

रिखबचंदांनी मोबाईल काढून घेतला आणि खिशात घालून वर हात ठेवला.

"तुमना घरमा बठ्ठासले पानीनं याडच लागेल शे," घरातल्या सगळ्यांनाच पाण्याचं वेड लागलेलं बघून पितांबरआबा हसत म्हणाले. "तुमी तठे नळ्या हालावतस. वहिनी पह्यले एक तांब्या लयेत हिरवर, आते दोन लयतस."

"दोन तांबे? पाणी न्यायला?"

"लेवाले नही. वताले. हयुहयु वततस, दोरी बांधीसन."

घ्यायला नाही, ओतायला. रिखबचंद घरी आले आणि त्यांनी नळी तपासली नाही.

दुसऱ्या दिवशी ते पहाटेच जागे झाले आणि दिवाणखान्याच्या दारामागे उभे राहिले. साडेपाचला प्रेमकुंवरबाई आल्या. न्हालेल्या होत्या, ओल्या केसांवर पदर होता. त्यांनी आधी लोखंडी गज उचलून भिंतीशी ठेवला, आवाज न करता. मलमलीची गाठ सोडली. मोटारीचं बटण बंद केलं. फिल्टर उघडून स्पंज दोन्ही हातांत घेतला, जसं कोणी बाळ घेतं, आणि पितळी पातेल्यातल्या विहिरीच्या पाण्यात तो हलक्या हाताने दाबला. सोडला. दाबला. तीन पाणी. प्रत्येक वेळी पाणी तांब्यात ओतून घेतलं. मग स्वच्छ स्पंज जागेवर बसवला, मोटार लावली, मलमल बांधली. गाठ रिखबचंदांच्याच पद्धतीची होती. गज ठेवताना त्यांनी तो आधी होता तसा, किंचित तिरपा ठेवला.

मग त्या दोन तांबे घेऊन निघाल्या. रिखबचंद अनवाणीच मागे गेले.

विहिरीवर प्रेमकुंवरबाईंनी पहिला तांब्या दोरीने खाली सोडला. त्याच्या बुडालाही एक कडी होती आणि कडीला वेगळी दोरी. तांब्या पाण्याला टेकला तेव्हा त्यांनी ती दुसरी दोरी ओढली, तांब्या आडवा झाला, आणि आतलं पाणी आवाज न करता विहिरीच्या पाण्यात मिसळलं. उंचावरून ओतलं तर त्यातल्या जीवांना लागतं.

"काय करतेस तू हे?"

त्यांनी तांब्या वर ओढून घेतला, दोरी गुंडाळली. मग मागे पाहिलं.

"पाणी गाळलं की मागे जे राहतं ते जिथलं तिथे सोडायचं असतं. रोजच सोडते."

"एक तांब्या गळण्याचा. आणि दुसरा?"

"तुमच्या स्पंजाचा."

"रोज?"

"रोज."

"पहिल्या दिवसापासून?"

"तुम्ही म्हणालात ना, लाखो जीव राहायला येतील. तुम्ही सांगितलं नसतं तर मला तरी कुठे कळणार होतं."

रिखबचंदांनी विहिरीच्या काठाला हात टेकला. छत्तीस दिवसांच्या छत्तीस नळ्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या.

"अगं, ते तिथेच राहायला हवे होते! त्या स्पंजात! त्याच्यासाठीच तर सगळं चाललं होतं! ते तिथे राहायला हवे होते!"

"कोणाला हवे होते?"

पलीकडे पितांबरआबा कडुलिंबाची काडी चावत उभे होते. ते काडीसकट घरात गेले.

"पाणी या विहिरीचं," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. "त्यातले जीवही इथलेच. तुमच्या आईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं मला. इथेच, या दगडावर उभं करून."

रिखबचंद एकाहत्तर वर्षांचे होते. आयुष्यभर ते गाळलेलंच पाणी प्याले होते. गळण्यात मागे काय राहतं आणि ते कोण, कुठे नेऊन सोडतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता विचारावं तर उशीर झाला होता, आणि रागवावं तर आई मध्ये आली होती.

प्रेमकुंवरबाईंनी दुसरा तांब्या खाली सोडला. दोरी सोडता सोडता म्हणाल्या, "आणि मासा आल्यावर त्याला गोळ्याच ना?"

"गोळ्याच. सांगितलं ना."

"स्वप्नील गांडुळं म्हणाला."

तांब्या पाण्याला टेकला. दुसरी दोरी ओढली गेली.

"कधी म्हणाला?"

"होळी झाली त्याच आठवड्यात. तुम्ही आंघोळीला होतात, फोन मी घेतला. म्हणाला, काकू, काकांना सांगा, सुरुवातीला जिवंतच लागतील, आणि रात्रीच. मी म्हटलं, सांगते."

"मग सांगितलं का नाहीस? बोलली का नाहीस काही?"

"पाणी कुठे तयार होत होतं?"

एका चिमटीत टेरीकॉटमध्ये सूत किती आणि भेसळ किती ते सांगणाऱ्या रिखबचंदांना या वाक्यात काय किती आहे ते सांगता आलं नाही. त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर रोजच्यासारखं गंध होतं.

दोघं परत निघाले. घराच्या फाटकाशी प्रेमकुंवरबाई थांबल्या.

"शेपूट किती राहिलीये त्याची?"

रिखबचंदांनी हात पुढे करून बोटांनी दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं, आणि तांबे घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पितांबरआबांनी कुंपणावरून हाक मारली. "शेट! आज एकच तांब्या!"

त्यानंतर चार दिवस नळी बाटलीच राहिली. पाचव्या दिवशी शेवाळी. आठव्या दिवशी मेंदी. रिखबचंद आता दिवसातून तीनदा थेंब टाकत आणि बायकोकडे चोरून बघत. ती टाकीकडे बघत नसे. जाता-येता तिच्यापासून हातभर लांबून जाई, ओवाळायला न बोलावलेल्या घरावरून जावं तसं. नवव्या दिवशी पोपटी. अकराव्या दिवशी, आखाजीच्या आदल्या सकाळी, आठ थेंब टाकल्यावर नळी पिवळी झाली. हळदीची नव्हे, लिंबाची नव्हे. नुकत्याच उतरवलेल्या मुगाच्या वरणाची.

"पिवळी!" रिखबचंद ओरडले.

अर्पित दुकानात गेला होता. प्रेमकुंवरबाई स्वयंपाकघरात होत्या. भांड्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मग रिखबचंदांनी नळी धुवून ठेवली आणि जळगावची बस पकडली.

परतीच्या बसमध्ये त्यांच्या मांडीवर थर्माकोलचा डबा होता आणि त्यात हवा भरलेली पिशवी. दुसऱ्या हातात कापडी थैली होती, तिच्यात श्रीखंडाचा रिकामा झालेला डबा, झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी. "पन्नास गांडुळं आहेत," स्वप्नील म्हणाला होता. "झाकण पक्कं केलंय, नाहीतर निघतात बाहेर." एरंडोलच्या पुढे कंडक्टरने थर्माकोलवर बोट वाजवलं.

"काय आहे बाबा यात?"

"वाम," रिखबचंदांच्या तोंडून निघून गेलं.

"मजा आहे. आखाजीला पाहुणे का?"

रिखबचंदांनी डबा जवळ ओढला. उरलेला रस्ता ते मनातल्या मनात बोलत होते. निसर्गाचा नियम असतो. मोठ्यांच्या टाकीत तो मेला असता. एक जीव वाचवला. जीवदया हीच. पारोळ्यापर्यंत मुद्दे चार झाले, फागण्याला सहा. एवढी तयारी त्यांनी विक्रीकराच्या तपासणीलाही केली नव्हती.

घरी पोचले तेव्हा ऊन तांबडं झालं होतं. प्रेमकुंवरबाईंनी ताट वाढून ठेवलं होतं. पण पिशवी आधी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवायची होती, मग तिच्यात थोडं थोडं टाकीचं पाणी घालायचं होतं, आणि पाण्याला, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, शिस्त लागते. त्यांनी पिशवी उघडली तेव्हा सूर्य पितांबरआबांच्या गच्चीमागे गेला होता. मासा बाहेर आला. पूर्ण लांबीने, वीतभर आणि वर चार बोटं, तुटक्या शेपटीसकट, त्याने टाकीला एक वळसा घातला, मलमलीसारख्या वाळूवर नाक टेकलं, आणि दोन झटक्यांत आत गेला. वाळू बसली. टाकीत नुसतं पाणी उरलं.

सांजोऱ्यांची ताटली घेऊन पितांबरआबा आले. टाकीपुढे वाकले.

"मासा कोठे शे?"

"वाळूत."

"बठ्ठं पानीच दिखी राह्यनं," पितांबरआबा म्हणाले, आणि ताटली ठेवून गेले. सांजोऱ्या तशाच राहिल्या. ताटही तसंच राहिलं. सूर्य बुडाला होता. आज या घरात रात्री जेवणारा एकच होता.

रिखबचंदांनी झाकण लावलं, एकेक फट बोटाने चाचपली, गज ठेवला, दिवे बंद केले. देवघरातल्या समईचा तेवढा उजेड येत होता. पोटात कावळे ओरडत होते. थोड्या वेळाने वाळू हलली आणि बारीक, लांबट नाक वर आलं. मागे मोहरीएवढे दोन डोळे.

त्यांनी थैलीतून श्रीखंडाचा डबा काढला. मागे पावलं वाजली.

"हाच का तो डबा?"

"हो."

"किती आहेत?"

"पन्नास म्हणाला."

"सगळी आजच?"

"नाही. रोज दोन."

प्रेमकुंवरबाईंनी मनाशी हिशेब केला. रिखबचंद वाट बघत होते. सहाही मुद्दे ओठांवर ओळीने उभे होते, निसर्गाचा नियम सगळ्यांत पुढे. बाई वळल्या, स्वयंपाकघरात गेल्या, खण उघडल्याचा आवाज आला, आणि त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुकानातल्या गठ्ठ्यांना टाके घालायचं जुनं दाभण होतं. त्यांनी ते नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं.

"झाकणाला आधी भोकं पाडा," त्या म्हणाल्या. "पंचवीस दिवस काढायचेत. गुदमरतील बिचारी."